जास्तीचा ‘ई’

इंग्रजीत आकाशाला ‘स्काय’ म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये तीन अक्षरं असतात, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. मॅस्टोडॉन नावाच्या अमेरिकन मेटल बॅंडने २००९ मध्ये ‘क्रॅक द स्काय’ नावाचा आल्बम काढला. त्यातल्या ‘स्काय’ला मात्र चार अक्षरं आहेत. शेवटी एक जास्तीचा ‘ई’. आता मेटलवाल्यांना स्पेलिंगची मोडतोड करायची खोड जुनीच आहे. मोटरहेडने ‘ओ’च्या डोक्यावर उगाच दोन टिंबं दिली, मॉटली क्रूने तर दोन ठिकाणी दिली. त्यामुळे दुकानात कव्हर बघणाऱ्याला वाटावं, असेल आणखी एक स्टाइल.

तर ती स्टाइल नाहीये. तो ‘ई’ एका मुलीच्या नावातला आहे.

ब्रॅन डेलर हा मॅस्टोडॉनचा ड्रमर. त्याच्या बहिणीचं नाव स्काय, त्या चौथ्या अक्षरासकट. ती १४ वर्षांची असताना तिने आत्महत्या केली. ब्रॅन तेव्हा १५ वर्षांचा होता. ही साधारण १९९० ची गोष्ट. आल्बम आला २४ मार्च २००९ ला. म्हणजे मधे जवळजवळ १९ वर्षं गेली.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाहीये) देवनागरीत हा फरक दाखवताच येत नाही. आकाश लिहा नाहीतर बहिणीचं नाव लिहा, ‘स्काय’ ते ‘स्काय’च. ऐकतानाही तसंच. कुणी नुसतं नाव उच्चारलं तर आभाळाबद्दल बोलतोय की मुलीबद्दल, कळायला मार्ग नाही. कव्हर हातात घेऊन नीट बघणाऱ्यालाच ते दिसतं.

नावाचा अर्थ डेलरने एका मुलाखतीत सांगितला होता. त्याचा मथितार्थ असा, की आपलं जवळचं माणूस गेल्याची बातमी कानावर पडते ना, तो एक क्षण आभाळाला तडा जायला पुरेसा असतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपण ‘आभाळ फाटलं’ असंच म्हणतो. आणि आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असंही वर विचारतो. मला हा आल्बम म्हणजे एका माणसाने लावलेलं पन्नास मिनिटांचं ठिगळ वाटतो. आणि ते त्याने लावलं कसं, हेच आज सांगायचंय.

मेटल न ऐकणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. (ऐकणाऱ्यांनी हा परिच्छेद खुशाल गाळावा.) मॅस्टोडॉन सुरू झाला २००० मध्ये, अटलांटात. डेलर आणि गिटारिस्ट बिल केलिहर हे दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून तिथे आलेले. बेसवर ट्रॉय सँडर्स आणि दुसऱ्या गिटारवर ब्रेंट हाइंड्स हे तिथे आधीपासून होते. यांचे पहिले चार आल्बम एकेका महाभूतावर आहेत. ‘रिमिशन’ (२००२) म्हणजे अग्नी. ‘लेव्हायथन’ (२००४) म्हणजे पाणी, तो ढोबळमानाने ‘मोबी डिक’ कादंबरीवर बेतलेला. ‘ब्लड माउंटन’ (२००६) म्हणजे पृथ्वी. आणि मग चौथा, ‘क्रॅक द स्काय’. त्याचं तत्त्व ‘ईथर’. जुन्या युरोपातले लोक याला पाचवं तत्त्व म्हणायचे. तिसऱ्या गाण्याचं नावच ‘क्विंटेसेन्स’ आहे, म्हणजे शब्दशः पाचवं सार. आपल्या पंचमहाभूतांत या पाचव्याला काय म्हणतात? आकाश! बॅंडला हे माहीत होतं की नाही, ते सोडा. पण संस्कृतात ईथर आणि स्काय एकच निघावेत, हा योगायोग मला कधीच नुसता योगायोग वाटत नाही.

आता गोष्ट. कारण या आल्बमला चक्क गोष्ट आहे, आणि डेलरने ती मुलाखतींमधून सविस्तर सांगितलेली आहे. जरा दम धरून वाचा.

एक मुलगा आहे. कमरेखाली लुळा. त्याला कुठे जायचं असेल तर एकच मार्ग, शरीर सोडून आत्म्याने प्रवास करायचा. असाच तो एकदा अंतराळात जातो आणि इकॅरससारखा सूर्याच्या फार जवळ जातो. शरीराशी त्याला बांधणारी एक सोन्याची नाळ असते, ती जळून तुटते. आता तो हरवला. एका वर्महोलमधून तो आत्म्यांच्या दुनियेत पोचतो आणि तिथल्या आत्म्यांना सांगत सुटतो की अहो, मी खरं तर मेलेलो नाहीये. ते त्याला पाठवतात झारच्या काळातल्या रशियात, ‘ख्लिस्ती’ नावाच्या एका गूढ पंथाच्या बैठकीत. तिथे ठरतं की या पोराला मदत करायची. त्याचा आत्मा घालतात रासपुतीनच्या शरीरात. (हो, बरोबर वाचलंत, तोच तो दाढीवाला.) पुढे रासपुतीन झारची सत्ता घ्यायला जातो आणि मारला जातो. मग दोन्ही आत्मे आभाळाच्या फटीतून बाहेर पडतात आणि रासपुतीन त्या मुलाला त्याच्या घरी परत न्यायला निघतो. वाटेत सैतान आडवा येतो.

पहिल्यांदा ऐकताना कुणीही म्हणेल, काय राव, काय फुकलंय यांनी? मेटलमधल्या कन्सेप्ट आल्बमना हे नवीन नाही. ड्रॅगन, राक्षस, अंतराळयानं, सगळं चालतं. पण या कथेत एक तपशील आहे आणि मी दर वेळी तिथे अडकतो. रासपुतीनला घाई का आहे? कारण मुलाच्या आईवडिलांना त्याचं शरीर सापडलेलं आहे. त्यांना वाटतंय, पोरगं गेलं. वेळ संपायच्या आत त्याला परत आत पोचवायचंय.

एकदा हे लक्षात आलं की वर्महोल, पंथ, झार वगैरे सगळं गळून पडतं. उरते एक खोली. त्या खोलीत एक मूल निपचित पडलेलं, शेजारी आईबाप. आणि कुठेतरी लांब कुणीतरी जिवाच्या आकांताने पळतंय, थांबा, अजून वेळ आहे, आलोच. डेलर पंधरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या घरात हे झालं नाही. कुणी आलं नाही, वेळ नव्हता. गोष्टीत मात्र वेळ आहे. थोडाच, पण आहे. आणि बघा, तो मुलगा परत पोचतोच असंही डेलर त्या सारांशात सांगत नाही. मुलगा आणि रासपुतीन वाटेत आहेत, अडथळे आहेत, इथेच तो थांबतो. सुखान्त लिहिण्यापासून त्याला कोण अडवणार होतं? पण तो त्याने ठणकावून लिहिला नाही. शोक झालेल्या माणसाला खोटा शेवट नको असतो बहुतेक. त्याला एक तास जास्तीचा हवा असतो.

आमच्या धंद्यात इनडायरेक्शन नावाचा प्रकार असतो. एखाद्या गोष्टीला थेट हात न लावता मधे एक पायरी टाकायची. पॉइंटर शिकताना पहिल्यांदा सगळ्यांचं डोकं फिरतं ते यामुळेच. व्हॅल्यू इथे नाही, ती कुठे ठेवलीय त्याचा पत्ता इथे आहे. मला रासपुतीन हा असा पॉइंटर वाटतो. दुःख त्याच्यात नाहीये. ते कुठे ठेवलंय त्याचा पत्ता त्याच्याजवळ आहे.

आणि पॉइंटर तरी किती नेमका निवडलाय! रासपुतीन म्हटलं की आपल्याला आठवते ती डिसेंबर १९१६ मधली हत्या. पेट्रोग्राडचा युसुपोव्ह राजवाडा, विष घातलेले केक, गोळ्या, नदी. यातलं विषाचं प्रकरण मुख्यतः मारेकऱ्यांनी नंतर रंगवून सांगितलेलं. पण मुळात हा सायबेरियातला शेतकरी राजवाड्यात टिकला कशामुळे? झारच्या मुलामुळे. युवराज अलेक्सेईला हिमोफिलिया होता. जरा लागलं, पडला, की आत रक्तस्राव सुरू आणि पोरगं अंथरुणाला खिळलेलं. डॉक्टर हात टेकायचे. त्या आईला वाटायचं की हा एकच माणूस माझ्या लेकराला परत आणू शकतो. आता परत आल्बमची कथा बघा. चालता न येणारा मुलगा, हताश आईवडील आणि त्याला घरी पोचवायचं काम रासपुतीनकडे. हे डेलरने असंच योजलं होतं असा माझा दावा नाही, हे माझं वाचन. पण जगभरच्या इतिहासात ‘मरणाच्या दारातल्या पोराला परत आणणारा माणूस’ शोधायला निघालात तर फार नावं सापडणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ बहिणीवर गाणं लिहायचं ना. लिहितात की लोक. त्याच २००९ मध्ये ड्रीम थिएटरचा ‘ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज’ आला. त्यात तेव्हाचा त्यांचा ड्रमर माइक पोर्टनॉयने आपल्या वडिलांवर ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’ हे गाणं लिहिलंय. वडील त्याच वर्षी जानेवारीत कॅन्सरने गेले. गाण्यात काहीही पडदा नाही, मुलगा सरळ बापाशी बोलतोय. फ्रान्सच्या गोजिराने ‘मॅग्मा’ (२०१६) करताना बॅंडमधल्या दोन सख्ख्या भावांची आई आजारी होती आणि त्याच काळात ती गेली. ते गाण्यांमध्ये जवळजवळ उघडं दिसतं. दोन्ही मला आवडतात. दोन्ही खरे आहेत.

पण आजाराने गेलेल्या बापाबद्दल बोलणं आणि चौदाव्या वर्षी स्वतःहून गेलेल्या बहिणीबद्दल बोलणं, यात फरक आहे. पहिल्यात लोक जवळ येतात. दुसऱ्यात विचारतात, ‘का?’ आणि त्या ‘का’ला उत्तर नसतं. घरच्यांकडे तर मुळीच नसतं. आल्बमभर शोधा, हा प्रश्न कुठेही नाही. कोण चुकलं, कुणाच्या लक्षात यायला हवं होतं, त्या दिवशी काय झालं, काही नाही. डेलरने तो दरवाजा उघडलाच नाही. त्याऐवजी त्याने एक आख्खं विश्व उभारलं, ज्यात फक्त एवढंच विचारता येतं, की हा परत येईल का?

दुसरं म्हणजे हे दुःख त्याला रोज रात्री स्टेजवर वाजवायचं होतं. २००९ च्या दौऱ्यांमध्ये मॅस्टोडॉन हा आल्बम सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवायचे. शिकागोच्या ॲरागॉन बॉलरूममधलं ऑक्टोबर २००९ चं रेकॉर्डिंग २०११ मध्ये डीव्हीडीवर आलंय. जरूर बघा. ड्रमर दोन्ही हात, दोन्ही पाय चालवतोय आणि वर गातोयसुद्धा. ‘ऑब्लिव्हियन’ या पहिल्या गाण्यात सुरुवातीला जो आवाज येतो तो डेलरचा. मॅस्टोडॉनच्या आल्बमवर मुख्य गायक म्हणून तो इथेच पहिल्यांदा आला. त्याआधी तो ओळखला जायचा तो वेड्यासारख्या ड्रमिंगसाठी, एक सेकंद रिकामा न सोडणारा. या आल्बमवर तो हात आवरतो. जागा सोडतो. ज्याला सांगायचं आहे तो माणूस वाजवणं कमी करतो, हे मला फार बोलकं वाटतं.

आता शीर्षकगीत. सहावं गाणं. आल्बमभर नायक मुलगा आहे. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसल्यामुळे बराच वेळ ‘मी’ आणि ‘तू’वर भागतं, तुम्ही विसरूनही जाता. आणि या गाण्यात अचानक ‘तिला’ येतं. आईकडे विनवणी आहे, तिला नेऊ देऊ नकोस म्हणून. बस, तेवढंच. रासपुतीन नाही, झार नाही. पन्नास मिनिटं सांभाळलेला पडदा एका सर्वनामापुरता सरकतो. या गाण्यातली जी डरकाळी आहे ती बॅंडमधल्या कुणाची नाही, ती पाहुणा म्हणून आलेल्या, तेव्हाच्या ‘न्यूरोसिस’मधल्या स्कॉट केलीची. मेटल म्हणजे नुसती आरडाओरड असं ज्यांचं मत आहे त्यांनी हे गाणं ऐकून मला सांगावं, की या जागी माणसाने ओरडायचं नाही तर काय करायचं?

इथे थोडं घरचं. माझा एक आतेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना असाच गेला. आमच्या घरात त्यासाठी शब्दच नाही. ‘ते झालं तेव्हा’ असं म्हणतात. ‘ते झालं तेव्हा तू बारावीला होतास ना?’ बाहेरच्यांसाठी ‘अपघात’ ठरलेला आहे. त्याचं नाव कुणी घेत नाही. मुद्दाम नाही, पण ते जिभेवर यायच्या आधीच वाक्य वळतं. फक्त आत्या एक गोष्ट करते. लग्नाकार्यात नवीन कुणी भेटलं आणि विचारलं, मुलं किती तुम्हाला, की ती सांगते, दोन. मग आजूबाजूचे सगळे घाईघाईने थोरल्याच्या नोकरीबद्दल बोलायला लागतात. ती पुढे काही सांगत नाही. पण तो आकडा बदलत नाही. आत्याला मेटल ऐकवायची माझी काही हिंमत नाही. पण त्या जास्तीच्या ‘ई’चा अर्थ तिला मला समजावून सांगावा लागणार नाही, एवढं नक्की.

म्हणून मला वाटतं, या आल्बममध्ये झाकलेलं काय आणि उघडं काय, हे नीट बघण्यासारखं आहे. घटना झाकलीय. कारण झाकलंय. खोलीत काय झालं ते झाकलंय. नाव मात्र कव्हरवर, जगातल्या प्रत्येक दुकानात. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. घटनेबद्दल नातेवाइकांत कुजबुज पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि नाव तेवढं पुसलं जातं.

आणखी एक माणूस या गोष्टीत महत्त्वाचा. ब्रेंट हाइंड्स. शब्दांमागची कथा डेलरची, पण संगीताचा मोठा भाग हाइंड्सचा. २००७ मध्ये लास व्हेगसला एमटीव्हीच्या अवॉर्डनंतर त्याच्या डोक्याला जबर मार लागला. मेंदूत रक्तस्राव झाला, काही दिवस तो कोमात होता. त्यातून बरं होताना घरी गिटार घेऊन बसून त्याने या गाण्यांच्या चाली रचल्या. म्हणजे बघा, शरीर सोडून गेलेला आणि परत यायची धडपड करणारा मुलगा. त्याचे शब्द लिहिले ज्याची बहीण परत आली नाही त्याने. आणि सूर दिले जो स्वतः परत आला त्याने. ‘द लास्ट बॅरन’ हे तेरा मिनिटांचं शेवटचं गाणं ऐकताना हे डोक्यात ठेवा. मधे गिटार जी सुसाट सुटते, ती घरी पोचायच्या घाईची आहे.

पुढे या बॅंडला दुःखांनी काही सोडलं नाही. ‘द हंटर’ (२०११) हे नाव हाइंड्सच्या भावावरून, जो शिकारीला गेला असताना अचानक वारला. ‘एम्परर ऑफ सँड’ (२०१७) मध्ये सुलतान एका माणसाला मृत्युदंड देतो आणि तो वाळवंटात भटकत राहतो. तो सुलतान म्हणजे कॅन्सर, जो तेव्हा बॅंडमधल्या लोकांच्या घरात शिरला होता. २०१८ मध्ये त्यांचा मॅनेजर निक जॉन कॅन्सरने गेला आणि २०२१ मध्ये त्याच्यासाठी ‘हश्ड अँड ग्रिम’ हा डबल आल्बम आला. त्यात मेलेल्या माणसाचा आत्मा झाडात जातो. म्हणजे पद्धत तीच. दुःख थेट सांगायचं नाही, त्याच्याभोवती एक पुराण रचायचं. ‘क्रॅक द स्काय’ने त्यांना ती वाट सापडली असं म्हणायला हरकत नाही.

मार्च २०२५ मध्ये हाइंड्स बॅंडमधून बाहेर पडला. वेगळं होणं फारसं गोडीगुलाबीचं नव्हतं. २० ऑगस्ट २०२५ ला अटलांटात मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. ५१ वर्षांचा होता. कोमातून परत आलेला माणूस. त्यानंतर मी हा आल्बम लावला तेव्हा ‘द लास्ट बॅरन’पाशी थांबलो. हे गाणं हाइंड्स गातो. त्यातला मुलगा अजून वाटेतच आहे.

ज्यांना ऐकायचाय त्यांच्यासाठी दोन टिपा. एक, शफल बंद करा, ही सात गाणी क्रमानेच ऐकायची आहेत. दोन, शनिवारी रात्री हेडफोन लावून ऐका, ऑफिसला जाताना बसमध्ये नाही. पहिल्या वेळी रासपुतीनकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. फक्त सहावं गाणं आलं की सर्वनामाकडे लक्ष ठेवा.